कोरफडीचा पिवळा चीक आणि आत्याबाईंच्या पोटऱ्यांतले गोळे

औसा तालुक्यातील एका गावाहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देतो.

"आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, बासष्ट वर्षांच्या आहेत. त्यांना सहा वर्षांपासून शुगर आणि बी.पी. आहे. शुगरच्या दोन आणि बी.पी.ची एक अशा तीन गोळ्या चालू आहेत. बी.पी.च्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही आहे, असे मेडिकलवाल्याने सांगितले. मोबाईलवर आलेला एक संदेश वाचून गेल्या दोन महिन्यांपासून त्या रोज सकाळी कोरफडीचे अख्खे पान सालीसकट मिक्सरमध्ये फिरवून अर्धा पेला रस घेतात. दुपारनंतर चार-पाच वेळा पातळ शौचाला होते. त्या म्हणतात, अंगातले विष बाहेर पडते आहे. पंधरा दिवसांपासून रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, गळून गेल्यासारखे वाटते आणि परवा धुऱ्यावर चालताना चक्कर आली. माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, पाचवा महिना आहे. तिला पोट साफ होत नाही, म्हणून तिलाही हाच रस सुरू करायचे चालले आहे. झाडपालाच तर आहे, त्याने काय अपाय होणार, असे घरातले सगळे म्हणतात. माझ्या मुलाचा पाय मोटारसायकलच्या सायलेन्सरला भाजला आहे. त्यावर कोरफड लावू का, हेही सांगावे."

ताई, पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला निरोप पाठवला होता. तोच येथे पुन्हा लिहितो, कारण अशा स्थितीतील घर तुमचे एकटीचे नसणार. आत्याबाईंचा रस आजच बंद करावा. कोरफड बंद केल्याने काही बिघडत नाही, तिला उतरत्या क्रमाने सोडावे लागत नाही. दुसरे, एक-दोन दिवसांच्या आत त्यांना डॉक्टरांकडे नेऊन रक्तातील पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) आणि साखर तपासून घ्यावी, आणि रसाची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. तिसरे, शुगरच्या व बी.पी.च्या गोळ्या तुम्ही स्वतःहून बंद करू नयेत. जुलाब चालू असताना त्यांपैकी कोणती काही दिवस थांबवायची, हे डॉक्टर ठरवतील. छातीत धडधड झाली, लघवी अगदी कमी झाली, हातपाय उचलवेनासे झाले किंवा बोलण्यात भ्रमिष्टपणा जाणवला, तर वाट न पाहता लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे.

आता घरातल्यांच्या प्रश्नाकडे वळतो. तो प्रश्न खोटा नाही. पिढ्यान्‌पिढ्या घराच्या दारावर उलटे टांगलेले आणि मातीविना महिनोन्‌महिने हिरवे राहणारे हे झाड आपल्याकडे विश्वासाचे झाले आहे. त्याची पाने पाणी साठवतात आणि पानांवरची छिद्रे दिवसाच्या उन्हात मिटून रात्री उघडतात, म्हणून मराठवाड्यातल्या दुष्काळी उन्हाळ्यातही ते तग धरते. मात्र विश्वास संपूर्ण झाडावर ठेवून चालत नाही. आपल्याच बांधावरचा एरंड घ्या. त्याचे तेल आपल्या आज्या रेचक म्हणून देत आणि ते औषधच आहे, पण त्याच बीमध्ये रिसिन नावाचे जालीम विष असते. ते तेलात उतरत नाही, चोथ्यात राहते. कोरफडीचेही असेच आहे. तिच्या एका पानात दोन अगदी वेगळे पदार्थ शेजारी शेजारी राहतात, आणि मिक्सरने ते दोन्ही एक करून टाकले.

पान आडवे कापून उभे धरा. हिरव्या सालीच्या लगेच आतून पिवळसर, उग्र वासाचा, जिभेला अतिशय कडू लागणारा चीक ओघळतो. पानातील अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या कडेच्या पेशींत तो साठलेला असतो. त्याच्या आत, मध्यभागी, पारदर्शक बुळबुळीत गर असतो. या गरात जवळजवळ ९९ टक्के पाणी आणि उरलेल्या अंशात मुख्यतः लांब साखळीच्या शर्करा असतात, ज्यांपैकी असिमॅनन ही सर्वाधिक अभ्यासली गेलेली शर्करा आहे. त्वचेला थंडावा देणारा आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरला जाणारा भाग तो हाच. चिकाचे रसायनशास्त्र निराळे आहे. त्यात अँथ्राक्विनोन गटातील द्रव्ये असतात, त्यांत अ‍ॅलोइन प्रमुख, आणि थोड्या प्रमाणात अ‍ॅलो-इमोडिन. हाच चीक आटवून काळा, काचेसारखा फुटणारा खडा बनवला की त्याला आपण काळा बोळ म्हणतो, आयुर्वेदात कन्यासार, युनानीत मुसब्बर. आयुर्वेदाने कुमारीला भेदनी म्हटले आहे, म्हणजे मळ फोडून बाहेर काढणारी. जुन्या वैद्यांना हा गुण पुरता ठाऊक होता, म्हणूनच काळा बोळ ते गुंजेच्या हिशेबाने मोजून देत. पेल्याने त्यांनी तो कधी दिला नाही.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत असताना विद्यार्थ्यांना अ‍ॅलोइन ओळखण्याची एक कसोटी करायला लावत असे. सोनामुखीच्या पानांतील याच जातीची द्रव्ये साध्या आम्लात उकळली की त्यांच्यातील साखर सुटते आणि मग अमोनियाने गुलाबी रंग येतो. कोरफडीचे अ‍ॅलोइन मात्र आम्लाला दाद देत नाही, कारण त्यातील साखर कर्बाच्या कर्बाशी असलेल्या बळकट बंधाने जोडलेली असते. त्यासाठी आम्लाबरोबर फेरिक क्लोराईड घालून उकळावे लागते. प्रयोगशाळेतील ही बारीकशी गोष्ट तुमच्या घरातील प्रसंगाची किल्ली आहे. जो बंध उकळत्या आम्लाला तुटत नाही, तो जठरातल्या आम्लाला कसा तुटणार? म्हणून अ‍ॅलोइन जठरातून आणि लहान आतड्यातून बव्हंशी जसेच्या तसे पुढे सरकते. मोठ्या आतड्यात राहणारे काही जिवाणू तेवढे तो बंध तोडू शकतात. तेथे त्यापासून अ‍ॅलो-इमोडिन अँथ्रोन हे खरे काम करणारे द्रव्य मोकळे होते, आणि ते आतड्याला पिळून गती देते व मळातील पाणी शरीरात परत शोषू देत नाही. या सगळ्या प्रवासाला साधारण ६ ते १२ तास लागतात. आत्याबाई सकाळी रस घेतात आणि दुपारनंतर त्यांना शौचाला पळावे लागते, हे तुम्ही लिहिले, तेव्हाच माझा संशय चिकाकडे गेला. शुगरच्या काही गोळ्यांनीही शौचाला पातळ होऊ शकते, पण त्या गोळ्या सहा वर्षे चालू आहेत आणि त्रास दोन महिन्यांचा आहे.

विष बाहेर पडते, ही समजूत येथेच निकालात निघते. बाहेर पडते ते पाणी, आणि त्याबरोबर सोडियम व पोटॅशियम ही क्षारद्रव्ये. रक्तातील टाकाऊ पदार्थ काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात आणि जुलाबाने त्यांना काडीचीही मदत होत नाही. उलट शरीर सुकले की मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी होते आणि त्यांचे काम अवघड होते.

पोटॅशियमविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. स्नायू आकुंचन पावून पुन्हा सैल होण्यासाठी पेशीच्या आतबाहेर पोटॅशियमचे प्रमाण ठरावीक राहावे लागते. हृदय हाही स्नायूच आहे. रोजच्या जुलाबांनी पोटॅशियम जात राहते, आणि लघवी वाढवणाऱ्या बहुतेक गोळ्यांनीही ते मूत्रावाटे जाते. आत्याबाईंच्या बाबतीत ही दोन्ही दारे एकाच वेळी उघडी आहेत. त्यात वैशाखाचे ऊन, ४० अंशांच्या वर गेलेला पारा, घामाने जाणारे पाणी. रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे, गळाठा आणि चक्कर या तक्रारी या चित्रात नेमक्या बसतात. निदान मात्र रक्ततपासणीनेच होईल, कारण चक्कर साखर उतरल्यामुळेही येऊ शकते. पोटॅशियम फार घसरले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, आणि ज्या रुग्णांना हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असते त्यांच्यात हा धोका कितीतरी वाढतो, कारण पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनचा विषारी परिणाम वाढतो.

साखरेची गोष्टही याला जोडूनच आहे. कोरफडीने रक्तातील साखर काहीशी उतरते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण प्रत्येक अभ्यासात वापरलेला पदार्थ वेगळा, कोठे गर, कोठे भुकटी, कोठे अख्ख्या पानाचा अर्क. त्यावरून अर्ध्या पेल्याचा हिशेब कोणालाच मांडता येत नाही. आधीच साखर उतरवणाऱ्या दोन गोळ्या पोटात असताना, जुलाबांमुळे जेवण कमी झालेले असताना, त्यावर आणखी साखर उतरवणारे काही घेतले तर ती धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. दरदरून घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब साखर किंवा गूळ पाण्यात विरघळवून द्यावा आणि मग साखर मोजावी.

मोजमापाबद्दल घरच्यांना हे सांगा. युरोपातील औषध नियामक संस्थेने कोरफडीच्या आटवलेल्या चिकाचा रेचक म्हणून वापर मान्य केला आहे, तो दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम अँथ्राक्विनोन-वर्गीय द्रव्यांपुरता, आणि सलग एका आठवड्याहून अधिक नाही. अमेरिकेत दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून कोरफडीचा चीक २००२ साली काढून टाकण्यात आला, कारण उत्पादकांनी त्याच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा दिला नाही. रोज १ ग्रॅम चीक काही दिवस सलग पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन प्राणावरही बेतू शकते. तुमच्या मिक्सरमधल्या अर्ध्या पेल्यात किती मिलिग्रॅम उतरले, हे मी सांगू शकत नाही आणि आत्याबाईही सांगू शकणार नाहीत, कारण पानाचे वय, ऋतू, पाणी आणि जात यांनुसार ते बदलत राहते. माझी खरी हरकत याच अज्ञात मापाला आहे.

दीर्घकाळ घेण्याबद्दल आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने चीक न काढलेल्या अख्ख्या पानाचा अर्क दोन वर्षे पिण्याच्या पाण्यातून उंदरांना दिला, तेव्हा मोठ्या जातीच्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी आढळल्या, लहान जातीच्या उंदरांत आढळल्या नाहीत. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा अर्काला २-ब गटात, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले. माणसांतील पुरावा पुरेसा नाही, हेही तीच संस्था सांगते. तेव्हा दोन महिने रस घेतल्याने कर्करोग होईल, अशी भीती आत्याबाईंना घालू नका. ते खरेही ठरणार नाही आणि त्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. क्वचित काही रुग्णांच्या यकृतालाही कोरफडीच्या सेवनाने सूज आलेली आहे आणि बहुतेकांत ती सेवन थांबवल्यावर उतरली आहे. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर तपासणीत यकृताचीही भर घालायला सांगा.

नणंदेबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. गरोदरपणात कोरफडीचा रस, काळा बोळ, किंवा ज्यात काळा बोळ आहे असे कोणतेही चूर्ण अथवा गोळी पोटात देऊ नये. पाळी आणण्यासाठी आयुर्वेदात जी रजःप्रवर्तनी वटी दिली जाते, तिच्यात हाच कन्यासार असतो. ज्या द्रव्याची ख्याती पाळी आणण्यासाठी आहे, ते पाचव्या महिन्यात देणे परंपरेलाही धरून नाही. बाळंतपणानंतरही, ती बाळाला अंगावर पाजत असेल तोवर, हे टाळावे, कारण ही द्रव्ये दुधात उतरून बाळाला जुलाब होण्याची शक्यता असते. आणखी एक सावधगिरी पुढच्या चार महिन्यांसाठी लिहून ठेवा. बाळंतिणीसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून बोळ आणण्याची आपल्याकडे रीत आहे. तो बाळंतबोळ म्हणजे हिराबोळ, एका वेगळ्याच काटेरी झाडाचा डिंक. काळा बोळ त्याहून निराळा. नाव जवळचे, रंगही पुडीत जवळजवळ सारखा, आणि गर्दीच्या वेळी पुडी बदलायला वेळ लागत नाही. मुळात हिराबोळही डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये, एवढे मी त्यात घालीन.

तिचे पोट साफ न होण्याचे कारण बहुधा लोहाच्या गोळ्या आणि गरोदरपणातील आतड्यांची मंदावलेली गती यांत सापडेल. म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका, रक्त कमी असणे बद्धकोष्ठतेपेक्षा फार महाग पडते. पाणी वाढवावे, भाकरीबरोबर पालेभाजी आणि मोड आलेली मटकी असावी, सकाळ-संध्याकाळ थोडे चालावे, आणि एवढ्याने भागले नाही तर रात्री इसबगोलाचा भुसा भरपूर पाण्यातून घ्यावा. तपासणीच्या वेळी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना हे सांगावे. आशाताईंच्या कानावरही घालावे.

इसबगोल आत्याबाईंनाही चालेल, जुलाब थांबल्यानंतर, आणि गोळ्यांच्या वेळेपासून दोन तासांचे अंतर ठेवून. सोनामुखीचे चूर्ण मात्र त्याऐवजी आणू नये. बाजारातील पोट साफ करणाऱ्या कित्येक चूर्णांत सोनामुखी असते आणि ती कोरफडीचीच रसायन-बहीण आहे. एक बंद करून दुसरे सुरू केल्यास पोटॅशियम त्याच वाटेने जाईल. बाटलीतल्या रसाविषयी तुम्ही विचारले नाही, पण घरात पुढचा प्रस्ताव तोच येईल. चांगले उत्पादक सक्रिय कोळशातून गाळून अ‍ॅलोइन काढून टाकतात, आणि पिण्याच्या रसात ते दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसावे, अशी या उद्योगाचीच मर्यादा आहे. असा रस चिकासारखा जुलाब घडवत नाही. तरीही साखरेच्या व बी.पी.च्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने तो डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये, आणि कोणाचीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवावा.

मुलाच्या पायाकडे येतो, आणि येथे कोरफडीची बाजू मी मनापासून घेईन. भाजल्याबरोबर पहिली वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली पाय धरणे हा सर्वांत मोठा उपचार असतो. पुढच्या वेळेसाठी हे लक्षात असू द्या. टूथपेस्ट, शाई, हळद यांनी जखम झाकली जाते आणि डॉक्टरांना तिची खोली कळत नाही. आता त्वचा फक्त लाल असेल, फोड फुटलेला नसेल, तर कोरफडीचा गर दिवसातून दोन-तीन वेळा पातळ थरात लावायला हरकत नाही. वरवरच्या भाजण्यात तो आग कमी करतो आणि काही चाचण्यांत जखम लवकर भरल्याचेही दिसले आहे. पण फोड फुटला असेल, मांस उघडे असेल, त्वचा पांढरट किंवा काळपट झाली असेल, पू दिसत असेल तर घरचा गर लावू नका, तो निर्जंतुक नसतो. सायलेन्सरचे भाजणे वरून लहान आणि आत खोल असू शकते, म्हणून एकदा दाखवून आणा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का ते पाहा.

पान कोठून आणता, यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे बांधावर कुंपणासाठी घायपात लावलेली असते आणि मुले कोरफड समजून तिचेच पान तोडून आणतात. घायपातीचे पान चिवट, दोरखंडाच्या धाग्यांचे आणि टोकाला काळा कणखर काटा असलेले असते. तिच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते त्वचेत टोचून भयंकर आग आणि पुरळ उठवतात. भाजलेल्या पायावर ते लागले तर मुलाचे हाल होतील. कोरफडीचे पान मांसल असते, त्याच्या कडेचे काटे मऊसर असतात आणि आत धागे निघत नाहीत.

खरे कोरफडीचे पान बुडातून कापून धुवावे आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात अर्धा तास उभे ठेवावे. पिवळा चीक निथळून जाईल, तो फेकून द्यावा. मग दोन्ही बाजूंची साल, तिच्या खालच्या पिवळसर थरासह, सढळ हाताने काढावी आणि उरलेला पारदर्शक गर वाहत्या पाण्यात धुवावा. गराला कडू चव लागली तर चीक राहिला आहे असे समजून पुन्हा धुवावा. आधी मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस पाहावे, कारण काहींना कोरफडीनेच पुरळ येते. गर कापल्यावर लवकर खराब होतो, म्हणून रोज ताजा काढावा.

आत्याबाईंना हे कसे सांगायचे, ही तुमची खरी अडचण असणार, आणि ती पत्रात दोन ओळींच्या मधे दिसते. त्यांचे चुकले असे म्हणू नका. स्वतःच्या प्रकृतीसाठी रोज पहाटे उठून पान कापणारी बाई निष्काळजी नाही. त्यांना मिक्सरपाशी न्या, त्यांच्याच हाताने पान कापायला लावा, पेल्यात उतरलेला पिवळा चीक दाखवा आणि काळा बोळ यापासूनच होतो, एवढे सांगा. त्यांच्या पिढीला काळ्या बोळाचा जोर माहीत असतो. रक्ताचा अहवाल आला की पोटॅशियम आणि क्रिएटिनिन हे दोन आकडे मला कळवा, आणि गोळे यायचे थांबले का, तेही लिहा.